जनावर कोणते ते डीएनए सांगेल, केव्हा मेले ते वहीच सांगेल

मांस, कातडी, हाडे, शिंगे, लोकर या मालावर ज्यांची चूल पेटते अशी हजारो घरे आपल्या समाजात आहेत. कुरेशी आणि खाटीक बांधव आहेत, कच्च्या कातड्याचे आडते आहेत, धारावीत पाकिटे आणि पट्टे शिवणारे कारागीर आहेत, उत्तर प्रदेशात संभलचे शिंग आणि हाडाचे काम करणारे उस्ताद आहेत, काश्मीरचे शालवाले आहेत. आमचा स्वतःचा धंदा कापडाचा. जनावराशी आमचा संबंध येतो तो लोकरी शालींपुरता. तरीही आज आम्ही हा विषय हाती घेतला आहे, कारण या सर्व धंद्यांपुढे एकच अडचण निरनिराळ्या रूपाने उभी राहते.

माल अडवला गेला की दोन सवाल विचारले जातात. हे कोणत्या जनावराचे? आणि हे जनावर केव्हा मेले? पहिल्या सवालाचा जवाब आता प्रयोगशाळेत मिळतो आणि चांगला मिळतो. त्यावरून लोकांची अशी समजूत झाली आहे की दुसऱ्याचा जवाबही तिथेच मिळेल. "डीएनए केला की दूध का दूध, पानी का पानी होईल," असे बाजारात सर्रास ऐकू येते. माल पकडणारे असे म्हणतात आणि ज्याचा माल पकडला गेला तोही असेच म्हणतो. ही गोष्ट निम्मी खरी आहे, आणि धंद्यात निम्मे खरे हे पुऱ्या खोट्यापेक्षा महाग पडते. म्हणून या विषयाची हकीकत काय आहे ते आपण नीट समजून घ्यावे.

तारखेला इतके महत्त्व का?

जनावर मेल्याची तारीख कोणाला हवी असते? पहिला माणूस म्हणजे गिऱ्हाईक. मटण आजचे की कालचे हे त्याला कळायला हवे. दुसरा कायदा. कायद्याला तारखा असतात आणि त्या तारखेच्या अलीकडचा माल गुन्हा ठरतो, तर पलीकडचा ठरत नाही. हस्तिदंताचे उदाहरण घ्या. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ साली बदल होऊन भारतीय हत्तीच्या दाताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ च्या बदलाने आयात केलेल्या आफ्रिकन दातावरही बंदी आली. व्यापारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००३ साली न्यायालयाने बंदी कायम केली. त्या काळात "आमचा साठा बंदीपूर्वीचा आहे" ही दलील किती दुकानांतून झाली असेल याची कल्पना करता येते.

आपल्या महाराष्ट्रात मार्च २०१५ मध्ये गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. पुढे ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. मात्र राज्याबाहेर कायदेशीर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम आणि निर्दोष असल्याचे आरोपीनेच सिद्ध करावे असे सांगणारे कलम, ही दोन्ही रद्द केली. त्यावर सर्वोच्च न्यायालयात अपिले झाली. तो कायद्याचा भाग वकिलांनी पाहावा. आपण एवढेच ध्यानात घ्यायचे की अशा मुकदम्यात केवळ "कोणते जनावर" एवढ्यावर भागत नाही. ते कुठे कापले आणि केव्हा कापले, यावरही माणसाची अब्रू आणि रोजी अवलंबून असते.

परदेशातही हा सवाल आहेच. अमेरिकेत हरणाच्या शिकारीचे दिवस आणि तास ठरलेले असतात. मुदतीआधी हरीण मारले की गुन्हा. त्यामुळे तिथल्या वनरक्षकांना मेलेल्या हरणाकडे पाहून वेळ सांगावी लागते. १९६५ साली तिथे या विषयावर सविस्तर अभ्यास छापून आला. मांडीच्या मांसातील उष्णता, डोळ्याच्या बाहुलीतला बदल, अंगाचा ताठरपणा अशा खुणांवरून पहिल्या काही तासांचा अंदाज बांधायची ती रीत आहे. डीएनए त्यात कुठेच नव्हता. तो नंतर आला.

तागा आणि चिंध्या

डीएनए म्हणजे काय ते आम्ही आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. प्रत्येक पेशीत एक फार लांब धागा गुंडाळून ठेवलेला असतो. त्या धाग्यावर चारच अक्षरांत त्या जनावराची सारी घडण लिहिलेली असते. जिवंतपणी हा धागा रोज ठिकठिकाणी तुटतो आणि रोज दुरुस्त होतो. हा धागा वाटतो तितका पक्का नाही, पाणी आणि उष्णता यांनी तो आपोआपच झिजतो, हे स्वीडनमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ टोमास लिंडाल यांनी दाखवून दिले. पेशी त्याची दुरुस्ती कशी करते यावरील कामासाठी त्यांना इतर दोघांसह २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जनावर मेले की दुरुस्ती करणारा कारागीर काम सोडून जातो. कातरणारे मात्र कामावरच राहतात. प्रथम पेशीतलेच पाचक रस धागा कातरू लागतात. मग जंतू येतात. नंतर वर्षानुवर्षे पाणी आणि हवा आपले काम सावकाश करीत राहतात. अखंड तागा होता, त्याचे कटपीस होतात, कटपीसच्या चिंध्या होतात आणि शेवटी नुसता भुसा उरतो.

यावरूनच ही कल्पना निघाली की तुकडे किती लहान झाले ते मोजावे आणि त्यावरून जनावर मरून किती काळ झाला ते सांगावे. कल्पना सरळ आहे आणि बुद्धीला पटणारी आहे. पण कापडवाल्याला यातली मेख लगेच कळेल. रंग उडालेला तागा कोणी आमच्यापुढे टाकला आणि "हा किती वर्षांचा, सांगा" म्हटले, तर आमचा पहिला सवाल असेल, "तो होता कुठे?" पेटीत घडी घालून ठेवलेला तागा वीस वर्षांनीही नवा दिसतो, आणि दुकानाच्या कमानीत उन्हात टांगलेला एका उन्हाळ्यात विटतो. रंग किती उडाला यावरून ऊन किती खाल्ले ते कळेल. वर्षे कळणार नाहीत. डीएनएचेही तसेच आहे.

मोआ पक्ष्याची हाडे

या बाबतीत आजवर झालेल्या चांगल्या कामांपैकी एक न्यूझीलंडमधल्या हाडांवर झाले. तिथे मोआ नावाचा शहामृगासारखा प्रचंड पक्षी होता. तो काही शतकांपूर्वी नाहीसा झाला. संशोधकांनी त्याच्या पायाची १५८ हाडे घेतली. हाडे जवळजवळच्या तीन ठिकाणची होती. त्यांचे वय दुसऱ्या पद्धतीने, म्हणजे कार्बनवरून, आधीच काढलेले होते आणि ते सुमारे ६०० ते ८,००० वर्षे होते. जमीन सारखी, हवामान सारखे, सरासरी उष्णता १३ अंशांच्या आसपास. म्हणजे घड्याळ तपासायला याहून सोयीची जागा मिळणे कठीण.

हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की २४२ अक्षरांएवढे लांब तुकडे दर ५२१ वर्षांनी निम्मे होतात. हा आकडा जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकला. परंतु त्याच अभ्यासात दुसरा एक आकडा होता, तो फारसा कोणी छापला नाही. एका हाडातला डीएनए जास्त तुटलेला आणि दुसऱ्यातला कमी, या फरकापैकी वयामुळे झालेला भाग जेमतेम ३८.६ टक्के निघाला. बाकीचा सारा फरक दुसऱ्या कारणांचा होता. म्हणजे एकाच पक्ष्याची हाडे, एकच परिसर, एकच हवामान असूनही काळाचा वाटा रुपयात चाळीस पैसेसुद्धा नाही! मग नागपूरच्या मे महिन्यात टेंपोत सहा तास उभ्या राहिलेल्या मालाविषयी, किंवा उणे १८ अंशांच्या कोठारातून काढलेल्या मालाविषयी, नुसत्या तुकड्यांवरून कोणी तारीख सांगू लागला तर त्यावर किती भरवसा ठेवायचा?

थंडी घड्याळ थांबवते, उष्णता पळवते

थंडीत डीएनए किती टिकतो पाहा. २०२१ साली सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीत सापडलेल्या मॅमथ हत्तीच्या दातांतून दहा लाख वर्षांहून जुना डीएनए वाचला गेला. २०२२ साली उत्तर ग्रीनलंडच्या मातीतून सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीचा डीएनए मिळाला. याउलट आपल्याकडच्या उन्हात आणि दमट हवेत उघड्यावर पडलेल्या जनावराचा डीएनए काही दिवसांतच चिंध्या होऊ लागतो.

आता हे आपल्या मालाला लावून पाहा. म्हशीच्या मांसाचा एक खोका सहा महिन्यांपूर्वी गोठवला आणि दुसरा काल गोठवला. दोहोंतला डीएनए जवळपास सारखाच दिसेल, कारण गोठलेल्या अवस्थेत कातर चालतच नाही म्हटले तरी चालेल. तिसरा तुकडा कालचाच, पण दिवसभर उन्हात राहिला आणि दोनदा गोठवून दोनदा वितळला. तो सर्वांत जुना वाटेल. एकाच जनावराच्या अवयवांतही फरक पडतो. काळीज आणि प्लीहा यांत पाचक रस भरपूर, तिथे धागा लवकर तुटतो. हाडात आणि दातात तो फार टिकतो. म्हणून "नमुना कुठल्या अवयवाचा" हे न सांगता दिलेला अहवाल म्हणजे वार न सांगता सांगितलेला भाव.

कातड्याचा मामला तर याहून उलटा आहे. १९८४ साली अमेरिकेतील संशोधकांनी क्वागा नावाच्या आफ्रिकन जनावराच्या संग्रहालयातील सुक्या कातड्यातून डीएनए काढून वाचला. क्वागा हा झेब्र्याचाच एक प्रकार. शेवटचा क्वागा १८८३ साली ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. ज्या कातड्यातून डीएनए निघाला ते सुमारे १४० वर्षांचे होते. आता आपल्याकडच्या टॅनरीत जा. कातडे चुन्यात पडते, मग आम्लात, मग क्रोममध्ये. या प्रत्येक हौदात धाग्याचे तुकडे होतात. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या, कोल्हापुरी चपलेच्या कातड्यातला तुरटपणा तर डीएनए तपासणीची क्रियाच अडवून धरतो. तेव्हा चार महिन्यांपूर्वी कमावलेले कातडे १४० वर्षांच्या सुक्या कातड्यापेक्षा म्हातारे दिसू शकते. कातड्याचा डीएनए टॅनरीची हकीकत सांगतो, जनावराच्या मरणाची नाही.

तासांचा हिशेब

कोणी म्हणेल, हजारो वर्षांचे सोडा, आम्हाला कालचे की परवाचे एवढेच हवे आहे. त्यासाठीही रीती निघाल्या आहेत. त्यांतली एक धूमकेतू चाचणी. १९८४ साली स्वीडनच्या दोन संशोधकांनी तिची सुरुवात केली. पेशी एका थरात बसवतात, वीज सोडतात. अखंड धागा जागच्या जागी राहतो आणि तुटलेले तुकडे मागे वाहत जातात, शेपटीसारखे. शेपटी जितकी लांब तितकी तूट जास्त. मेल्यानंतरचे तास मोजण्यासाठी ती वापरून पाहिली गेली आहे आणि ठराविक उष्णतेत, ठराविक अवयवावर, ती काही अंदाज देते. याबद्दल शंका नाही.

परंतु याच चाचणीला युरोपात कोणता मान आहे तो पाहा. किरणांची प्रक्रिया केलेले अन्न ओळखण्यासाठी २००१ पासून तिथे ती प्रमाणित आहे, पण केवळ पहिली चाळणी म्हणून. गोठवणे, तापवणे किंवा पेशीतले रस यांनीही डीएनए तुटतो. म्हणून शेपटी दिसली तरी दुसऱ्या नेमक्या चाचणीने खात्री करून घ्यावी लागते. युरोपातल्या तज्ज्ञांनीच एवढी सावधगिरी लिहून ठेवली असताना आपण तिला अखेरचा फैसला का मानावे?

ताजेपणा ओळखायला डीएनएहून चांगले काटे पूर्वीपासून आहेत. कोकणातल्या मच्छीवाल्या बांधवांसाठी सांगतो. मासा मेल्यावर त्याच्या स्नायूतील शक्तीचा साठा टप्प्याटप्प्याने विघटत जातो. ते मोजून ताजेपणा ठरवण्याची रीत जपानी संशोधकांनी १९५९ साली मांडली आणि ती आजही चालते. मांसाची आम्लता पहिल्या दिवसात ठराविक तऱ्हेने वाढते. नासलेल्या मांसातून सुटणारे वायू मोजता येतात. आणि अनुभवी खाटकाचे नाक व बोट हे तर सर्वांत जुने यंत्र. तेव्हा हा लेख वाचून कोणी असा अर्थ काढू नये की डीएनएने तारीख कळत नाही, मग शिळा माल खपवायला हरकत नाही. शिळा माल पकडायला डीएनएची गरजच नाही.

डीएनए कुठे पक्का आहे?

आता दुसरी बाजू. "कोणते जनावर" या सवालावर डीएनएची गवाही भक्कम आहे आणि आपण ती मानली पाहिजे. पेशीत मुख्य धाग्याखेरीज मायटोकॉन्ड्रिया नावाच्या कणांतही एक छोटा धागा असतो. त्याच्या प्रती एका पेशीत शेकडो असतात. त्यामुळे माल शिजला, सडला तरी एखादा लहान तुकडा शाबूत सापडतो, आणि जनावर ओळखायला तेवढी चिंधी पुरते. तागा कोणत्या मिलचा हे काठाच्या वितभर तुकड्यावरूनही ओळखता येते, तसेच हे आहे. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात लालजी सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच धाग्यावरून कोणतेही जनावर ओळखण्याची रीत २००३ साली प्रसिद्ध केली.

जानेवारी २०१३ मध्ये आयर्लंडच्या अन्न सुरक्षा खात्याने गोमांस म्हणून विकल्या जाणाऱ्या २७ प्रकारच्या बर्गरची तपासणी जाहीर केली. १० मध्ये घोड्याचा आणि २३ मध्ये डुकराचा डीएनए निघाला. सारा युरोप हादरला. हलाल-हरामची पर्वा असलेल्या आपल्यासारख्यांना यातून डीएनएची किंमत कळायला हरकत नाही. मात्र त्या तपासणीने घोडा केव्हा मेला हे सांगितले नाही आणि सांगायचा दावाही केला नाही.

हस्तिदंताचे उदाहरण याहून बोलके आहे. अमेरिकेतील सॅम्युएल वॉसर यांनी जप्त दातांचा डीएनए काढून ते हत्ती आफ्रिकेच्या कोणत्या भागातले हे दाखवले. २०१५ साली त्यांचे मोठे काम प्रसिद्ध झाले. पण हत्ती केव्हा मेले, जुन्या साठ्यातले की ताजे, हे ठरवायचे होते तेव्हा शास्त्रज्ञ डीएनएकडे गेले नाहीत. ते कार्बनकडे गेले. १९५० ते १९६३ च्या सुमारास अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेत एक विशिष्ट कार्बन वाढला आणि नंतर कमी होत गेला. दात वाढताना तो त्यात भरला जातो. त्यावरून मरणाचे साल साधारण वर्षभराच्या फरकाने काढता येते. २००२ ते २०१४ मधल्या १४ जप्तींतील दात असे तपासून २०१६ साली निकाल आला की त्यांतले ९० टक्क्यांहून अधिक दात जप्तीच्या आधी तीन वर्षांच्या आत मेलेल्या हत्तींचे होते. जुन्या साठ्याची दलील कोसळली. हा काटाही कायमचा नाही. हवेतला तो कार्बन आता पुन्हा अणुचाचण्यांपूर्वीच्या पातळीजवळ आला आहे. परंतु आपल्यासाठी सबक स्पष्ट आहे. जाणकारांनी दोन सवालांसाठी दोन वेगळे काटे वापरले.

जे डीएनए सांगूच शकत नाही

जनावर कापले की आपोआप मेले, हे डीएनए सांगत नाही. जबह रीतसर झाला की नाही, हेही सांगत नाही. "डीएनए टेस्टेड हलाल" असे कोणी पाकिटावर छापले, तर त्याचा अर्थ फार तर "यात डुकराचा अंश आढळला नाही" एवढाच घ्यावा. कोणत्या जिल्ह्यात कापले, बंदीच्या तारखेआधी की नंतर, हेही त्यात नसते.

हा फरक किती जीवघेणा ठरू शकतो ते जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना तालुक्यात दिसले. मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना, गाय मारली असे म्हणून, जाहीर मारहाण झाली. मेलेले जनावर उचलून त्याचे कातडे काढणे हा त्या समाजाचा पिढ्यानपिढ्यांचा धंदा. तिथे प्रयोगशाळेने "गाय" असे सांगितले असते तर ते खरेच असते, आणि तरीही त्या तरुणांच्या निर्दोषपणाला त्याचा काही उपयोग नव्हता. मेलेल्या जनावराच्या कातड्याचे आडते आपल्यातही आहेत. त्यांनी ही गोष्ट विसरू नये.

शालींच्या बाजारात ही अडचण आमच्याही दारात येते. शाहतूश ही तिबेटच्या चिरू नावाच्या हरणाची लोकर. ती जनावर मारल्याशिवाय मिळत नाही, म्हणून १९७९ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे आणि जम्मू-काश्मीरने २००२ साली आपला कायदा बदलून तिला मनाई केली. पश्मिना मात्र बकरीला विंचरून मिळते, बकरी जिवंत राहते. दोन्ही लोकरी नजरेला सारख्या. धुतलेल्या, रंगवलेल्या शालीच्या केसात डीएनए अगदी थोडा आणि तोही तुटका उरतो. म्हणून डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेच्या केंद्रात पश्मिना तपासताना सूक्ष्मदर्शकाखाली केसाची ठेवण पाहतात. आणि समजा केस चिरूचाच निघाला, तरी ते हरीण कोणत्या साली मेले हे त्या केसावरून कोणी सांगू शकणार नाही. आजीच्या पेटीतली शाल आणि गेल्या वर्षी चोरून विणलेली शाल तिथे एकाच रांगेत उभ्या राहतात.

मग करायचे काय?

आमचे मत असे आहे की मरणाची तारीख जनावराच्या अंगात शोधण्यापेक्षा ती आपल्या दप्तरात ठेवावी. आपले वडीलधारे रोजमेळ आणि खतावणी चोख ठेवत. आता हिशेबनीस आयकरापुरता हिशेब ठेवतो आणि मालाची कुंडली कोणी ठेवत नाही. कत्तलखान्यातील कत्तलपूर्व तपासणीचा दाखला, पावती, तारीख आणि वेळ, गाडीचा नंबर, कोल्ड स्टोअरेजची आवक-जावक, तिथल्या उष्णतेची रोजची नोंद, हे सर्व एका जागी असावे. कातडीवाल्याने मीठ लावल्याची तारीख आणि माल कोणाकडून घेतला ते लिहावे. मेलेल्या जनावराचे कातडे असेल तर गावच्या पंचायतीचा किंवा पशुवैद्याचा कागद जोडावा. हाडाच्या कारागिराने म्हशीच्या हाडाचे खरेदी बिल सांभाळावे. कागदही खोटे बनतात, असे कोणी म्हणेल. बनतात. पण दाखला, पावती, वाहतूक आणि कोठार या चार निरनिराळ्या हातांचे कागद एकमेकांशी जुळले तर ते खोटे म्हणणे सोपे नाही. शिवाय उष्णतेची नोंद हाताशी असेल तरच डीएनएच्या तुटीचाही काही अर्थ लावता येतो. म्हणजे वही ही प्रयोगशाळेची दुश्मन नव्हे, तिची साथीदार आहे.

दुसरी गोष्ट नमुन्याची. नमुना घेतला जातो तेव्हा आपला माणूस हजर असावा आणि पंचनाम्यात वेळ, अवयव, मालाची उष्णता व नमुना कशात ठेवला हे लिहून घ्यावे. डीएनएसाठी नमुना बर्फात किंवा तीव्र अल्कोहोलमध्ये जावा. फॉर्मलिनमध्ये डीएनए खराब होतो. आठवडाभर उन्हात फिरलेला नमुना प्रयोगशाळेत पोचला आणि "निष्कर्ष काढता येत नाही" असा अहवाल आला, तर त्यात प्रयोगशाळेचा दोष नसतो. नुकसान मात्र ज्याचा माल सडला त्याचेच होते. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खाली अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करावे लागतात, आणि व्यापाऱ्याने मागणी केली तर एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. हा हक्क अन्न खात्याच्या नमुन्यांपुरता आहे, पोलिसांच्या जप्तीला तो आपोआप लागू नाही. पण जिथे आहे तिथे तरी आपण तो मागतो का?

तिसरी गोष्ट अहवालाची. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ३९ खाली तज्ज्ञाचे मत विचारात घेतात. ते मत असते आणि त्यावर सवाल करता येतात. आपल्या वकिलाने तीन सवाल जरूर करावेत. कोणत्या अवयवाचा नमुना होता? मेल्यापासून तपासणीपर्यंत तो किती उष्णतेत राहिला? आणि तुमच्या अंदाजात किती कमी-जास्त धरायचे? या तिन्हींची उत्तरे नसतील, तर "इतक्या दिवसांपूर्वी मेले" हे वाक्य विज्ञानाचे राहत नाही. आणि तीच कसोटी आपल्या बाजूच्या अहवालालाही लावावी. आपल्या फायद्याची तारीख लिहून देणारा कोणी पैसे मागू लागला, तर त्याला दुकानाची पायरी चढू देऊ नये. असा कागद एकदा कोर्टात फाटला की मागचे खरे कागदही संशयात येतात.

ही कामे एकट्या दुकानदाराला जड आहेत. कुरेशी जमातीच्या संघटना, चामडे व्यापारी मंडळे आणि कारागिरांच्या सोसायट्यांनी मिळून नोंदीचा एकच छापील नमुना मराठी आणि उर्दूत काढावा, नमुने पाठवायला बर्फपेट्या ठेवाव्यात आणि वर्षातून एकदा एखाद्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील जाणकाराला बोलावून आपल्या तरुणांना ही माहिती द्यावी. खर्च फार नाही. एका अडकलेल्या गाडीच्या नुकसानीत असे दहा मेळावे होतील.

डीएनएला घाबरण्याचे कारण नाही आणि त्याला देव्हाऱ्यात बसवण्याचेही नाही. तो एक इमानदार साक्षीदार आहे. ज्याने जे पाहिले तेवढेच त्याला विचारावे. जनावर कोणते ते त्याने पाहिले आहे. घड्याळ त्याच्या हातात नव्हते. ते आपल्या हातात आहे, म्हणून पुढच्या मालाची गाडी उतरेल तेव्हा तारीख, वेळ आणि उष्णता वहीत लिहिल्याशिवाय दोर सोडू नये.